एलेनॉर राणीच्या जमिनी

पोर्ट्समथ बंदराला एक स्पॅनिश जहाज लागलं आणि राणीच्या माणसांनी त्यावरून माल उतरवून घेतला: सेव्हिलच्या अंजिरांची एक करंडी, मनुकांची एक करंडी, खजुराचं एक गाठोडं, २३० डाळिंबं, १५ लिंबं आणि ७ नारिंगं. ही नोंद १२८९-९० सालच्या हिशेबातली आहे आणि राणी म्हणजे इंग्लंडच्या एडवर्ड पहिल्याची बायको, कॅस्टीलची एलेनॉर. स्पॅनिश 'नारांखा' आणि आपलं 'नारिंग' एकाच मुळाचे शब्द. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी माहेरची आंबटगोड चव तिला हवीशी वाटत होती. हे हिशेबाचं वर्ष तिचं शेवटचं ठरलं.

एलेनॉरचं नाव निघालं की दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, तिच्या प्रेतयात्रेच्या वाटेवर नवऱ्याने उभारलेले बारा दगडी क्रॉस. दुसरी, तिने नवऱ्याच्या जखमेतलं विष तोंडाने चोखून काढलं ही कथा. पहिली खरी आहे, दुसरी नाही. १२७२ च्या जूनमध्ये धर्मयुद्धाच्या काळात पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आक्र इथे मारेकऱ्याने एडवर्डवर सुरा चालवला हे खरं, पण त्या काळाच्या जवळचं वर्णन सांगतं की वैद्याला जखमेचं मांस कापायचं होतं म्हणून रडणाऱ्या एलेनॉरला खोलीबाहेर नेण्यात आलं. त्याच आक्रमध्ये तिने नवऱ्यासाठी व्हेजिशियस या रोमन लेखकाच्या युद्धशास्त्रावरच्या लॅटिन ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद करवून घेतला. विषाच्या कथेपेक्षा ही भेट मला तिच्या स्वभावाच्या जास्त जवळची वाटते. तिला समजून घ्यायचं तर तिच्या जमिनी पाहाव्या लागतात, आणि त्यासाठी आधी घराणं.

तिचा जन्म १२४१ च्या अखेरचा. वडील कॅस्टीलचे राजे फर्नांडो तिसरे. ही त्यांच्या दुसऱ्या बायकोची, जोनची मुलगी. जोन उत्तर फ्रान्समधल्या पोंत्यू या छोट्या परगण्याची वारस होती. वडिलांनी १२४८ मध्ये सेव्हिल घेतलं तेव्हा एलेनॉर सुमारे सात वर्षांची. वडील १२५२ मध्ये गेले आणि सावत्र भाऊ अल्फोन्सो दहावा गादीवर आला. त्याने नैर्ऋत्य फ्रान्समधल्या, इंग्लंडच्या राजाकडे असलेल्या गॅस्कनीवर हक्क सांगितला, कारण त्याची पणजी इंग्लंडची राजकन्या होती आणि गॅस्कनी तिच्याबरोबर आंदण आली असं कॅस्टीलचं म्हणणं होतं. इंग्लंडच्या हेन्री तिसऱ्याला युद्ध नको होतं. तोडगा लग्नाचा निघाला: अल्फोन्सोने हक्क सोडायचा आणि बहीण हेन्रीच्या मुलाला द्यायची. १ नोव्हेंबर १२५४ रोजी बुर्गोसच्या लास उएल्गास मठात लग्न लागलं. नवरा १५ वर्षांचा, नवरी १३ च्या आसपास. ज्या पणजीवरून वाद होता तिचीच समाधी त्या मठात आहे, आणि नवरीचं नावही तिचंच.

मुलं निदान चौदा झाली, काही याद्या सोळा सांगतात. १२७० मध्ये नवरा-बायको धर्मयुद्धाला निघाले ते मुलांना मागे ठेवून. थोरला जॉन १२७१ मध्ये आईवडील पूर्वेकडे असतानाच गेला. जोन नावाची मुलगी आक्रमध्ये जन्मली, आणि तिला परतीच्या वाटेवर पोंत्यूत आजीकडे ठेवलं. १९ ऑगस्ट १२७४ रोजी वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला. पुढच्या दोन महिन्यांत दुसरा मुलगा हेन्री गेला, वय सहा. मग वारस उरला अल्फोन्सो, मामाच्या नावाचा. तो जगला असता तर इंग्लंडच्या गादीवर अल्फोन्सो नावाचा राजा दिसला असता. तो दहाव्या वर्षी गेला, १९ ऑगस्ट १२८४ रोजी, म्हणजे राज्याभिषेकाला बरोबर दहा वर्षं होत होती त्या दिवशी. त्या वेळी धाकटा एडवर्ड चार महिन्यांचा होता. वेल्समध्ये कार्नार्व्हनला, किल्ल्याचं बांधकाम चालू असताना जन्मलेला हाच मुलगा पुढे एडवर्ड दुसरा झाला. आईच्या मागे सहाच मुलं राहिली: एलेनॉर, जोन, मार्गारेट, मेरी, एलिझाबेथ आणि हा एडवर्ड.

मुलींच्या बाबतीत ती कुठे अडून बसली हे पाहण्यासारखं आहे. १२८२ मध्ये थोरल्या मुलीला आरागॉनला सासरी पाठवायचं घाटत होतं. एडवर्डने तिकडे कळवलं की मुलगी अजून लहान आहे, म्हणून माझी आई आणि राणी दोघींचा विरोध आहे. मुलगी तेव्हा १३ वर्षांची, म्हणजे एलेनॉरच्या स्वतःच्या लग्नाच्या वयाची. सासू-सुनेने इथे एकत्र पाय रोवले आणि मुलगी घरी राहिली.

आता पैशाकडे. इंग्लंडच्या राणीला कायद्याने जी जमीन ठरवून दिलेली असे ती हातात यायची विधवा झाल्यावर. नवरा जिवंत असेपर्यंत राजा देईल ते आणि 'राणीचं सोनं' एवढंच. राणीचं सोनं म्हणजे काय, तर कुणी एखादी सवलत मिळावी म्हणून राजाला आपखुशीने रक्कम देऊ केली, की तिच्यावर सुमारे दहा टक्के राणीचे. हिशेब असा बसवलेला की चांदीच्या १०० मार्कांमागे सोन्याचा एक मार्क (मार्क हे तेव्हाचं हिशेबाचं माप). पण हे उत्पन्न दरसाल सारखं नसे. शिवाय विधवेचा वाटा आधीच सासूकडे, प्रोव्हान्सच्या एलेनॉरकडे गेलेला. सासू वारली १२९१ च्या जूनमध्ये, सुनेनंतर सात महिन्यांनी. आणखी एक अडचण होती. सासूने माहेरची माणसं आणून त्यांना इंग्लंडमध्ये मानमरातब मिळवून दिले होते, आणि त्यावरून सरदार भडकले होते. एडवर्डला ते पुन्हा नको होतं. एलेनॉरने ते नीट ओळखलं. तिने आपल्या नात्यातल्या मुली आणल्या, त्यांची लग्नं इंग्रज घराण्यांत लावली आणि हुंड्याचा बराच भार स्वतः उचलला. त्यामुळे राजाच्या जमिनीला हात लागला नाही. पण त्यासाठी स्वतःची जमीन हवी.

ती मिळवण्याची मुख्य वाट कर्जरोख्यांतून गेली. पैशाची नड असलेला सरदार ज्यू सावकाराकडून कर्ज घेई. व्याजाची मर्यादा आठवड्याला पौंडामागे दोन पेनी, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांच्या वर. दहा पौंडांचे वर्षात १४ पौंड ६ शिलिंग ८ पेनी होत. रोखा एकाच कातड्यावर दोनदा लिहून मधोमध वेडावाकडा कापत. एक तुकडा गावातल्या सरकारी पेटीत जाई आणि त्या पेटीच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत असत, म्हणजे कुणाला एकट्याला फेरफार करता येऊ नये. ज्यू कायद्याने राजाच्या मालकीचे समजले जात, आणि राजा त्यांच्यावर मनाला येईल तेवढा कर बसवी. कर भरता आला नाही की पेटीतले रोखे राजाचे. ते रोखे एडवर्ड राणीला देई. मग राणीचा कारभारी कर्जदाराच्या दारी जाई: एकदम सगळं भर, नाहीतर गाव लिहून दे. बहुतेक जण लिहून देत. राणी कर्ज माफ करी, आणि कधी कधी जुन्या मालकालाच हयातभर कूळ म्हणून राहू देई. मालकी मात्र तिची. केंटमधला लीड्सचा किल्ला तिने १२७८ मध्ये मिळवला तोही अडचणीतल्या मालकाकडून, विल्यम द लेबर्नकडून.

१२९० पर्यंत अशा मिळवलेल्या जमिनींचं वार्षिक उत्पन्न अडीच हजार पौंडांच्या वर गेलं. त्या काळी वर्षाला २० पौंडांची जमीन असलेल्याला नाइट व्हावं लागे. म्हणजे सव्वाशे नाइटांची जमीन एका बाईच्या हाती आली होती. १२७९ मध्ये आई गेल्यावर पोंत्यूही तिच्याकडे आला, तो वेगळा.

यात चुकलं काय? १२७५ मध्ये एडवर्डनेच ज्यूंना व्याजाचा धंदा बंद केला, पण जुने रोखे राणीच्या दप्तरात वसूल होत राहिले. १२८३ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम यांनी तिच्या खासगीच्या कारभाऱ्याला लिहिलं की ज्यूंच्या व्याजातून राणी सरदारांच्या जमिनी घेते अशी देशभर बोंब आहे. दुसरी चूक वसुलीची. उत्पन्न वाढवायचं दडपण कारभाऱ्यांवर आणि त्यांच्यावर देखरेख करणारं कुणी जवळ नाही, तेव्हा कुळांना जादा खंड, दंड, प्रसंगी घराबाहेर काढणं. तिच्या कारभाऱ्यांतला ह्यू द क्रेसिंगहॅम पुढे स्कॉटलंडचा खजिनदार झाला. १२९७ मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर तो मारला गेला तेव्हा त्याच्याबद्दल हळहळणारे फार नव्हते. पण सर्वांत जास्त भोगलं ते ज्यूंनी. त्यांना पिळून झाल्यावर १८ जुलै १२९० रोजी देश सोडण्याचा हुकूम निघाला, मुदत १ नोव्हेंबरची. राणीच्या श्रीमंतीबद्दल लिहिताना ही बाजू गाळणं अन्यायाचं होईल.

तोवर ती स्वतः आजारी होती. १२८७ मध्ये गॅस्कनीत चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापाने तिला धरलं होतं. १२९० च्या शरदात राजा-राणी उत्तरेकडे निघाले आणि लिंकनजवळ हार्बी या खेड्यात, रिचर्ड द वेस्टन यांच्या घरी, २८ नोव्हेंबरला ती गेली. वय ४९.

प्रेत लिंकनला नेऊन आतडी काढली, सुगंधी द्रव्यं भरली. आतडी लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये पुरली. हृदय लंडनच्या डॉमिनिकन मठात, अल्फोन्सोच्या हृदयासोबत. बाकी देह १७ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरला. वाट सरळ नव्हती, आणि त्याचं कारण साधं आहे: रोज रात्री प्रेत ठेवायला मोठं चर्च आणि राजाच्या लवाजम्याला पुरेल एवढं छप्पर लागे. डिसेंबरचा दिवस लहान. म्हणून मुक्काम मठांच्या किंवा राजवाड्यांच्या आसपास पडले: लिंकन, ग्रँथम, स्टॅमफर्ड, गेडिंग्टन, हार्डिंगस्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड, वोबर्न, डनस्टेबल, सेंट ऑल्बन्स, वॉल्थम, वेस्टचीप, चेरिंग. याच बारा जागी क्रॉस उभे राहिले. काम १२९१ मध्ये सुरू झालं. पाच क्रॉस बॅटलच्या जॉन या एकाच गवंड्याकडे होते, बाकीचे इतरांकडे वाटलेले, म्हणून घडण एकसारखी नाही. आज उभे आहेत ते तीन. गेडिंग्टनचा तीन बाजूंचा आणि सडपातळ, हार्डिंगस्टनचा तळ अष्टकोनी, वॉल्थमचा षट्कोनी. रचनेचा नियम मात्र एक: खाली ढाली, मध्ये छत्रीखाली राणीचे पुतळे, वर निमुळता कळस. खालच्या ढालींवर इंग्लंड, कॅस्टील-लिऑन आणि पोंत्यू. सासर, वडील आणि आई, तिघांची चिन्हं. सर्वांत महाग चेरिंगचा, ६०० पौंडांहून जास्त. तो १६४७ मध्ये पाडला गेला. आज लंडनच्या चेरिंग क्रॉस स्टेशनसमोर दिसतो तो १८६५ चा. आणि 'चेरिंग' हा शब्द 'प्रिय राणी' या फ्रेंच शब्दांवरून आलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वळण, आणि तिथे नदी वळतेच.

वेस्टमिन्स्टरच्या समाधीवरची मूर्ती सोनार विल्यम टॉरेलने काशात ओतली आणि वर सोन्याचा मुलामा दिला. जवळून पाहावं ते उशीकडे. राणीच्या डोक्याखालच्या उशीवर आणि अंगाखालच्या पत्र्यावर किल्ले आणि सिंह आलटून पालटून कोरलेले आहेत, म्हणजे ती कॅस्टील आणि लिऑनवरच निजली आहे. एका हाताने तिने झग्याची दोरी धरली आहे. दुसऱ्या हातातला राजदंड आता नाही.

जानेवारी १२९१ मध्ये एडवर्डने फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपतींना लिहिलं की जिवंतपणी जिच्यावर इतकी माया केली तिच्यावर ती गेल्यावरही माया करणं थांबवता येत नाही. ईस्टरनंतरच्या सोमवारी राणीच्या दासींनी राजाला पलंगावर अडवायचं आणि त्याने खंडणी देऊन सुटायचं, असा त्यांच्या घरातला खेळ होता. त्या वर्षी राणी नव्हती, तरी त्याने दासींना ते पैसे दिले.

आणि त्याच वर्षी, गवंडी क्रॉसचे दगड घडवत असताना, राजाने तिच्या गावांतून चौकशी बसवली. कारभाऱ्यांनी कुणावर अन्याय केला असेल तर दूर व्हावा, ही तिचीच शेवटची इच्छा होती. कुळं पुढे आली, तक्रारी लिहून घेतल्या गेल्या. जमिनी मात्र राजाकडेच राहिल्या. १२९९ मध्ये एडवर्डने फ्रान्सच्या मार्गारेटशी लग्न केलं तेव्हा लीड्सचा किल्ला तिला दिला, आणि पुढे तो एडवर्ड दुसऱ्याच्या राणीकडे, इझाबेलाकडेही गेला.