समईची सावली : नोंद चौथी

मागच्या नोंदीत तांब्या फोटोतून कापून झाला होता, समई बाकी होती. आता समईही झाली, पण तिच्या सावलीत श्रावणातले तीन रविवार गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. खानापूरच्या आमच्या घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढून मी घरच्या ग्रुपसाठी व्हॉट्सॲपचे स्टिकर करतोय. ५१२ बाय ५१२ पिक्सेल, पार्श्वभूमी पारदर्शक. वस्तूखालची सावली राखायचीच, हा माझा हट्ट. सावली काढली की अडकित्ता हवेत तरंगतो, त्याचं वजनच जातं. आणि इथल्या पावसाळी उजेडात सावल्या इतक्या मऊ पडतात की त्या फेकून देववत नाहीत.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. पांढऱ्या कार्डशीटवरची सावली वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर घेतली, कडा विरघळवल्या, मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय केला. चाचणीसाठी खाली शहापूरच्या हिरव्या साडीचा फोटो ठेवला, तर सावलीतून काठ स्वच्छ दिसत होता. साडीचा लेयर बंद करून एक्स्पोर्ट केलं आणि पाठवलं. आईच्या फोनवर चॅट काळं असतं. तिने लगेच विचारलं, "रे, सावली राख सांडल्यागत का दिसूलाल्या?"

खरंच राखच होती. काळ्यावर करडा, पार्श्वभूमीपेक्षा उजळ डाग.

कारण असं. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या रंगाला वरच्या रंगाने गुणणं. खाली काहीच नसेल तर गुणायला काही उरत नाही, करडा पिक्सेल करडाच राहतो. पीएनजी काय किंवा वेबपी काय, चित्रांच्या या फाइली प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता एवढंच साठवतात. 'मला खालच्याशी गुणा' हा निरोप त्या फाइलमधून पुढे जातच नाही.

म्हणून करड्या सावलीचीच काळी, अर्धपारदर्शक सावली करायची. रंगाची किंमत ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. २५५ मधून करड्याची किंमत वजा केली की काळ्याची अपारदर्शकता मिळते. करडा १८० असेल तर काळा ७५, म्हणजे सुमारे २९ टक्के. साडीच्या रंगातल्या हिरव्या भागाची, म्हणजे हिरव्या चॅनेलची किंमत १४० धरा. मल्टिप्लायने १४० गुणिले १८० भागिले २५५, म्हणजे ९९. साध्या नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे न गुणता नुसता वर, २९ टक्के काळा ठेवला तरी ९९च. हा जवळपासचा जुगाड नाही, गणित तेच आहे. वहीत मांडून पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला.

गिंप या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कृती छोटी आहे. सावलीचा लेयर डिसॅच्युरेट करा (रंग काढून करडा करा), लेव्हल्सने (उजेड-अंधार जुळवायच्या साधनाने) कार्डशीट पूर्ण २५५ पर्यंत न्या, मग कलर टू अल्फा (निवडलेला रंग पारदर्शक करणारी आज्ञा) आणि रंग पांढरा. लेव्हल्स टाळू नका. कागद २४५ वर राहिला तर सावलीभोवती फिकट चौकोन उमटतो.

इथे मी एक अख्खा रविवार अडकलो. गिंपच्या पडद्यावर सावली फिकट आणि फोनवर गडद! गिंप २.१० पासून नॉर्मल लेयर मुळात लिनियर पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात मिसळतो, त्यामुळे पांढऱ्यावर ५० टक्के काळा तिथे १८८ दिसतो. फोन आणि ब्राउझर सहसा तोच १२८ दाखवतात. लेयरवर राइट क्लिक करून कंपोझिट स्पेस (मिसळायचं गणित कुठल्या किमतींवर करायचं ते) पर्सेप्चुअल करा, मग दोन्हीकडे एकच सावली दिसते. मी पडद्यावर विश्वासून सावली वाढवत बसलो होतो, ती सगळी मेहनत पुसावी लागली.

तांब्या आणि अडकित्ता एवढ्यावर भागले. समई भागली नाही. घासलेल्या पितळेवरून उजेड परततो आणि सावलीतच एक पिवळसर कोयरी उमटते. तिच्यामुळेच पितळ पितळ वाटतं. पण काळा लेयर फक्त काळोख घालू शकतो, उजेड नाही. वर फोटोत कागदच पांढराशुभ्र झाला असेल तर ती कोयरी त्यात बुडून जाते. म्हणून समईचा फोटो पुन्हा काढला, एक्स्पोजर कमी ठेवून, कागद २०० च्या आसपास येईल असा. कागदापेक्षा गडद भागाचा काळा लेयर केला, उजळ भागाचा वेगळा. उजळ भागाला स्क्रीन मोडचं, म्हणजे मल्टिप्लायच्या उलट उजळवणाऱ्या मोडचं गणित लागतं, आणि तेही नॉर्मलमध्ये बसतं: करड्या किमतीइतकी अपारदर्शकता असलेला पांढरा म्हणजेच स्क्रीन. त्या पांढऱ्याला मी जरा हळदीची छटा दिली. रंग आला की गणित काटेकोर राहत नाही, कारण तिन्ही चॅनेलना मिळून पारदर्शकता एकच असते. इथे डोळ्याला पटेल ते घेतलं.

आता काळ्या चॅटमध्ये सावली अंधारात मिसळते आणि कोयरी तेवढी उरते. संध्याकाळी देवघरात समईखाली दिसतं ते जवळपास असंच.

पुढची वस्तू अथणीची चप्पल. तिच्या पट्ट्याची सावली चपलेच्याच चामड्यावर पडते. ती वेगळी न काढता वस्तूबरोबरच कापणार आहे, जमिनीवर पडते तेवढीच सावलीच्या लेयरमध्ये जाईल.