तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज कुणाचा चांगला, आणि किती पैशांत?

"गाण्याच्या कुठल्या ॲपचा आवाज सगळ्यात चांगला?" प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो, आणि पाठोपाठ "त्यातल्या त्यात स्वस्त कुठलं?" हेही. यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: ऐकता कशावर? "ब्लूटूथ इअरबड्स" असं उत्तर आलं की निम्मा निकाल तिथेच लागतो. तरी आधी दर सांगून टाकतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतातल्या योजना नव्याने मांडल्या: महिन्याला ₹१३९ ची लाइट, ₹१९९ ची स्टँडर्ड आणि ₹२९९ ची प्लॅटिनम. लाइटमध्ये जाहिराती नाहीत, पण आवाज १६० केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट; यालाच बिटरेट म्हणतात) अडतो आणि गाणी डाउनलोड करता येत नाहीत. स्टँडर्डमध्ये ३२० केबीपीएस आणि डाउनलोड. लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काही न गाळता पाठवलेला आवाज, फक्त प्लॅटिनममध्ये. तिथे तिघांची खाती बसतात, त्यामुळे घरात तिघं ऐकणारे असतील तर माणशी शंभराच्या आत पडतं. एकट्याने मात्र निव्वळ लॉसलेससाठी ती घेऊ नये. लाइट आणि प्लॅटिनममधला फरक वर्षाला ₹१,९२० होतो, आणि तेवढ्या पैशांत येणारे वायरचे इअरफोन कुठल्याही योजनेपेक्षा जास्त फरक पाडतात.

ॲपल म्युझिकचा एकट्याचा दर सव्वाशेच्या आत आहे आणि लॉसलेस त्यातच येतं. जून २०२१ पासून त्याचे वेगळे पैसे नाहीत. अँड्रॉइडवरही ते चालतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. यूट्यूब प्रीमियम ₹१४९, त्यात यूट्यूब म्युझिक आलंच. आवाजाची कमाल २५६ केबीपीएस, लॉसलेस नाही. इथे एक खाच आहे: ₹८९ ची प्रीमियम लाइट स्वस्त म्हणून घेतली जाते, पण तिच्यात संगीत धरलेलं नाही. गाण्यांवर जाहिराती येतच राहतात. जिओसावन पैसे भरणाऱ्याला ३२० केबीपीएस देतं. ॲमेझॉनचं संगीत प्राइमसोबत येतं, पण त्यांची एचडी, म्हणजे लॉसलेस, श्रेणी आपल्याकडे मिळत नाही. टायडल आणि कोबझ यांचं नाव आवाजाच्या दर्दी मंडळींत मोठं आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात असाल तर जरूर विचार करा. भारतात दोन्ही अधिकृतपणे मिळत नाहीत आणि व्हीपीएनची कसरत मी कुणाला सुचवत नाही.

आता आवाज. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. ३२० केबीपीएस म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेलं कुठे जातं? मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, त्याचा हिशोब मांडून तो गाळला जातो. हिशोब चांगला असतो, पण प्रत्येक वाद्याला तो सारखा लागू पडत नाही. तपासायचं असेल तर वारकरी भजन लावा. टाळ आणि चिपळ्या यांच्याइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. आवाज दाबणारी यंत्रणा तुकड्या-तुकड्याने काम करते. एएसी या आवाज दाबायच्या पद्धतीत एक तुकडा साधारण २३ मिलिसेकंदांचा. चिपळीचा ठोका त्या तुकड्याच्या मध्येच पडला, तर गाळणीतून झालेली चूक सगळ्या तुकड्यात पसरते. मग ठोक्याच्या आधीच एक पुसट फुस्स ऐकू येतं आणि ठोका बोथट होतो. यंत्रणा अशा वेळी छोटे तुकडे वापरते, पण त्यांना बिट जास्त लागतात आणि ९६ केबीपीएसमध्ये ते नसतात. टाळांचं तर आणखी अवघड, कारण वरच्या पट्टीतला तो झणत्कार सलग आणि दाट असतो. कमी बिटरेटवर त्याचं पाण्यातून आल्यासारखं सळसळणं होतं. तानपुऱ्याच्या जवारीचंही, म्हणजे तारेच्या त्या गुंजणाऱ्या नादाचंही, तसंच, फक्त ते बिघडतं हळूच: झालर निघून जाते आणि नुसता सूर उरतो.

९६ आणि ३२० मधला फरक या वाद्यांवर जवळजवळ कुणालाही कळतो. ३२० आणि लॉसलेसमधला फरक, शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर, फार थोड्यांना कळतो. ढोलकी-पेटीच्या लावणीवर तो मला तरी नाही कळत.

त्यात ब्लूटूथ आलं की वेगळाच खेळ. फोन गाणं उलगडतो आणि इअरबड्सकडे पाठवण्यासाठी पुन्हा दाबतो. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी पद्धतीची चांगली पातळी ३२८ केबीपीएसच्या आसपास. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढंच बोलतो. अँड्रॉइडवर एलडॅक ही वरच्या दर्जाची ब्लूटूथ पद्धत असेल तर कागदावर ९९० केबीपीएस, पण ते कनेक्शन बघून आपोआप ६६० किंवा ३३० वर उतरतं. संध्याकाळी दादरच्या पुलावर, शेकडो ब्लूटूथच्या गर्दीत, ९९० टिकवायचा हट्ट धरलात तर आवाज तुटत राहील. म्हणजे ₹२९९ भरून आणलेलं लॉसलेस शेवटच्या हातभर अंतरात पुन्हा गाळलं जातं. इअरबड्सवरच ऐकायचं असेल तर ३२० किंवा २५६ देणारी कुठलीही सेवा घ्या आणि निवड गाण्यांच्या साठ्यावर करा.

वायर लावायची तर बहुतेक फोनना ३.५ मिमीचं भोक उरलेलं नाही, म्हणून डोंगल, म्हणजे छोटा जोड, लागतो. डोंगलच्या आत डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, आहे का ते वेष्टनावर बघून घ्या. काही स्वस्त यूएसबी-सी ॲडॉप्टरमध्ये ती नसते. फोन स्वतः त्या वाटेने ॲनालॉग आवाज सोडत असेल तरच ते चालतात, नाहीतर मुके. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल २४ बिट/४८ किलोहर्ट्‌झपर्यंत (आवाजाचे नमुने किती बारीक आणि सेकंदाला किती हजार वेळा घेतले त्याचे आकडे) जातो आणि आयफोनवर उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फारच बारीक येतो. तो दोष डोंगल बिघडल्याचा नसतो. त्याच्या पुढचं, १९२ किलोहर्ट्‌झपर्यंतचं हाय-रेझ हवं असेल तर वेगळा डॅक लागतो. मला त्याची गरज वाटत नाही.

इतकं सगळं करूनही "काहीच फरक नाही" अशी तक्रार आली, तर नव्वद टक्के दोष सेटिंगमध्ये असतो असं म्हणायला माझी हरकत नाही. लॉसलेस आपोआप सुरू होत नाही. स्पॉटिफायमध्ये ते प्रत्येक उपकरणावर हाताने लावावं लागतं. फोनवर लावलं म्हणून लॅपटॉपवर लागत नाही. ॲपल म्युझिकसाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये म्युझिकखाली ऑडिओ क्वालिटीत आधी लॉसलेस चालू करा, मग मोबाइल डेटा, वायफाय आणि डाउनलोड या तिघांची पातळी वेगवेगळी निवडा. यूट्यूब म्युझिक मुळात नॉर्मलवर, म्हणजे १२८ वर असतं. "ऑलवेज हाय" केल्याशिवाय २५६ ची खात्री नाही. आधी डाउनलोड केलेली गाणी मात्र जुन्याच दर्जाची राहतात. ती काढून पुन्हा उतरवा.

मोबाइल डेटावर लॉसलेस लावण्याआधी हा हिशोब बघा. ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी लागतात. ॲपलच्याच आकड्यांनुसार तीन मिनिटांचं गाणं २५६ ला ६ एमबी, २४ बिट/४८ किलोहर्ट्‌झ लॉसलेसला ३६ एमबी आणि २४ बिट/१९२ ला १४५ एमबी. दिवसाच्या दीड जीबीवर लॉसलेस दोन तास चालेल, हाय-रेझ अर्धा तास. घरच्या वायफायवर उतरवून ठेवणं हाच मार्ग.

दोन ॲपची तुलना करायची पद्धतही बहुधा चुकलेली असते. एक ॲप किंचित मोठ्याने वाजतं आणि कान त्यालाच "चांगलं" म्हणतो. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण −१४ लफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीवर आणतं, ॲपलचं साउंड चेक −१६ वर. म्हणजे दोन डेसिबलचा फरक आयताच, आणि एवढा पुरतो फसवायला. दोन्हीकडे पातळी सारखी करणारी सोय बंद करा, आणि तुलनेला तीच प्रत घ्या, नुसतं तेच नाव नव्हे. खरी परीक्षा घ्यायची असेल तर स्वतःच्या सीडीवरून फ्लॅक, म्हणजे लॉसलेस, फाइल करा, त्याच फाइलची २५६ ची एएसी करा आणि संगणकावर फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्सचा, म्हणजे कुठली फाइल वाजतेय ते न बघता ओळखायच्या चाचणीचा, जोड बसवून दहा वेळा ओळखा. दहात सात बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही साधारण सहातल्या एकाला जमतं. नऊ आले तर कानांवर विश्वास ठेवा आणि लॉसलेसचे पैसे भरा.

मराठी ऐकणाऱ्यांनी मात्र बिटरेटच्याही आधी बघावं ते ध्वनिमुद्रण कशावरून उतरवलंय. बालगंधर्वांची पदं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आहेत, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं. त्याआधी भोंग्यासमोर गायलं जायचं आणि वरचे सूर मेणावर उमटतच नव्हते. ते २४ बिटांत मागवून काय मिळणार? खरखर अधिक अचूक मिळेल. इथे खरा फरक तबकडी किती झिजलेली होती, सुई कुठली लावली आणि खरखर काढताना किती हात मारला याने पडतो. जास्त साफ केलेल्या प्रतीत "स" आणि "श" बोबडे होतात, श्वास नाहीसा होतो आणि सुरामागे एक गुळगुळीत घुमारा राहतो. ऐकणारा ॲपला दोष देतो, पण दुसऱ्या ॲपवर तीच प्रत तशीच वाजते. म्हणून एका गाण्याच्या जितक्या प्रती सापडतील तितक्या ऐका. "रिमास्टर्ड" लिहिलेली चांगलीच असेल असं नाही, आणि शोधात वर येणारी प्रत बऱ्याचदा दुसऱ्याच गायकाने नंतर गायलेली असते. कलाकाराचं नाव आणि कालावधी बघून घ्या.

आणि नाटकांची जुनी रेकॉर्डिंग, कीर्तनं, खासगी मैफिली हव्या असतील तर बाकी सगळ्यांचं लॉसलेस बाजूला ठेवून यूट्यूबकडेच जावं लागतं, कारण त्या रसिकांनी तिथेच चढवल्यात. कॅसेटवरून उतरवलेल्या, टेपच्या सततच्या "हिस्स" आवाजासह. २५६ केबीपीएस त्यांना भरपूर आहे.

वर्षाचे पैसे एकदम भरण्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. गाण्यांचं गाना ॲप सप्टेंबर २०२२ मध्ये मोफत राहिलं नाही, रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं, विंक त्याच वर्षी बंद झालं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून काही काळ गायब होती, यादीत नुसती राखाडी नावं. डाउनलोड केलेलं गाणंही पैसे थांबले की वाजत नाही. कपाटात सीडी असतील तर बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह आणून त्या फ्लॅकमध्ये उतरवून ठेवा, एक सीडी साधारण तीनशे-चारशे एमबीत बसते. लॅपटॉप विकत घेताना सीडीचा कप्पा गेला म्हणून त्या सीडी रद्दीत देऊ नका.