अर्ध्यावर सोडलेल्या लढतीची वाटणी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आम्ही काही बुद्धिबळवेडे मंडळी दर उन्हाळ्यात जलद बुद्धिबळाची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा भरवतो. अंतिम लढतीचा नियम साधा आहे. बरोबरीत सुटलेले डाव मोजायचे नाहीत, जो आधी तीन डाव जिंकेल तो विजेता. विजेत्याला पाच हजार रुपये आणि उपविजेत्याला तीन हजार. ही लढत रंगात आलेली असतानाच ‘आता राहू द्या, बक्षीस वाटून घेतो’ असा निरोप दोघांकडून येणे हे आम्हाला नवे राहिलेले नाही, आणि दर वेळी त्यावरून आयोजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन तट पडतात. माझे मत असे की वाटणी करू द्यावी. मात्र ती डोळे मिटून अर्धी-अर्धी करू नये, आणि पहिला डाव सुरू होण्यापूर्वी तर ती मुळीच ठरलेली नसावी.

वाटणी मागणारा कच खाल्लेलाच असतो, हा समज मला पटत नाही. मागे रावेरकडचे एक केळी बागायतदार अंतिम फेरीत आले होते आणि लढत २-१ वर असताना रात्री शेतीपंपाची वीज आली. आमच्या भागात विजेची वेळ चुकवणे परवडत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. त्यांनी चॅटमध्ये लिहिले, ‘भो, लाइट आली. मोटार चालू करायला जातो. अर्धं-अर्धं करून टाकू ना.’ समोर धुळ्याचा एक महाविद्यालयीन मुलगा होता आणि दोन डाव त्याने जिंकलेले होते. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून ‘चालेल काका’ एवढे लिहून तो मोकळा झाला. आम्ही ती वाटणी तशीच मान्य केली नाही, कारण त्या ‘चालेल’मध्ये संमती थोडी आणि भीडच जास्त होती.

मग न्याय्य वाटणी कोणती? आश्चर्य म्हणजे संभाव्यतेच्या गणिताचा पायाच या प्रश्नावर घातला गेला आहे. इटलीतील लुका पाचोली याने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात असे उत्तर दिले होते की ज्याने जितके डाव जिंकले त्या प्रमाणात रक्कम वाटावी. त्यातली खोच पुढे टार्टाग्लिया या इटालियन गणितज्ञाने दाखवली: एकच डाव झाल्यावर खेळ थांबला तर तो एक डाव जिंकणारा सगळीच रक्कम घेऊन जाईल, मग उरलेली लढत कितीही लांबलचक असो. समाधानकारक उत्तर मिळायला १६५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून हा प्रश्न सोडवला. त्यांचे म्हणणे असे की किती डाव जिंकले हे पाहायचे नाही, जिंकायला अजून किती हवेत ते पाहायचे.

आमच्या लढतीला हेच लावून पाहा. दोघे तुल्यबळ असतील, तर २-१ ने मागे असलेल्याला विजेता होण्यासाठी सलग दोन डाव जिंकावे लागतात आणि त्याची शक्यता चारात एक आहे. उपविजेत्याचे तीन हजार तर दोघांचेही पक्के आहेत. खरी झुंज वरच्या दोन हजारांसाठी आहे. त्यातले तीन चतुर्थांश, म्हणजे दीड हजार, आघाडीवरच्याचे आणि पाचशे दुसऱ्याचे. याप्रमाणे धुळ्याच्या मुलाला साडेचार हजार आणि काकांना साडेतीन हजार मिळायला हवेत. अर्ध्या-अर्ध्या वाटणीत त्या मुलाचे पाचशे रुपये निव्वळ संकोचापायी गेले असते. हिशेब समजावून सांगितल्यावर काकांनी तो एका शब्दात मान्य केला, हेही सांगितले पाहिजे.

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत ही पद्धत रुळलेली आहे. शेवटचे दोघे उरले की दुसऱ्या क्रमांकाची रक्कम दोघांना धरून उरलेला फरक हातातल्या चिप्सच्या, म्हणजे डावावर लावायच्या चकत्यांच्या, प्रमाणात वाटतात. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे तो मार्ग आपला नव्हे. हिशेबाची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आधीच ठरवून केलेल्या वाटणीला माझा विरोध का, हे जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जोड बराच वेळ झुंजूनही निकाल लागत नसेल तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, इनाम दोघांत वाटले जाते आणि लोक टाळ्याही वाजवतात. पण दोघे मल्ल ठरवून उतरले आहेत असा नुसता वास आला, की तीच कुस्ती नुरा ठरते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या जागतिक ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांच्या अतिजलद डावांच्या, स्पर्धेच्या अंतिम लढतीत नॉर्वेचे कार्लसन आणि रशियाचे नेपोम्नियाच्ची यांनी साडेतीन-साडेतीन गुणांवर अजिंक्यपद वाटून घेतले, तेव्हा बुद्धिबळविश्वात गदारोळ उठला. मला त्यात वाटणीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. आयोजकांनी वाटणीचा प्रस्ताव नाकारला तर छोटे बरोबरीचे डाव खेळत राहू, असे कार्लसन बोलल्याचे चित्रफितीत दिसले. तो विनोद होता असे त्यांनी नंतर सांगितले. पैसे कसे वाटावेत हा खेळाडूंचा प्रश्न आहे, परंतु पटावर खोटा डाव मांडणे ही पाहणाऱ्यांची फसवणूक आहे.

म्हणून आम्ही आता वाटणीचा प्रस्ताव आयोजकांमार्फतच घेतो आणि दोघांना स्वतंत्रपणे विचारतो, म्हणजे भिडेचा प्रश्न बराचसा सुटतो. वाटणी ठरली की लढत तिथेच थांबल्याचे सर्वांना जाहीर करतो. पुढे खेळायचेच असेल तर चषक आणि थोडी रक्कम बाजूला ठेवून खेळावे. चोपड्याचे दोन सख्खे भाऊ एकदा अंतिम फेरीत समोरासमोर आले होते. पैसे एकाच घरात जाणार असल्याने हे नक्की वाटून घेतील असे सगळ्यांनी धरले होते, आणि इतकी चुरशीची लढत आमच्या स्पर्धेत क्वचितच झाली असेल.

एक पेच मात्र उरतोच. वरचा हिशेब तुल्यबळ खेळाडूंचा आहे. मानांकनात दोनशे गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूची एक डाव जिंकण्याची शक्यता ढोबळमानाने ७६ टक्के धरता येते. असा खेळाडू १-२ ने मागे असला तरी सलग दोन डाव जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ५८ टक्के निघते, म्हणजे पिछाडीवर असूनही हिशेबाने जास्त रक्कम त्याचीच. गणित बरोबर आहे. पण दोन डाव जिंकून बसलेल्या पोराला ‘तुझे पैसे कमी’ असे सांगायची माझी तरी तयारी नाही, आणि तो ते ऐकूनही घेणार नाही. अशा जोडीने वाटणी मागितली की आम्ही पुढच्या डावाची लिंक पाठवतो.