स्पेक्ट्रमपासून अडतीच्या पट्टीपर्यंत: सांगलीतला आमचा अनुभव

आमचं पहिलं मशीन म्हणजे सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा छोटा घरगुती कॉम्प्युटर, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने लायसन्सवर बनवलेलं. झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवायला कॅसेट प्लेअर. प्रोग्रॅम आमचे हे, म्हणजे यजमान, लिहायचे; सोल्डरिंग माझ्याकडे. ही वाटणी पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यातही तशीच राहिली.

या मशीनला सगळ्यात मोठा धोका ॲडॉप्टरचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं, पण पिनच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन. बाजारातले बरेचसे ॲडॉप्टर याच्या उलट असतात. पिन नीट बसते आणि आतलं काहीतरी जळतं. म्हणून कुठलाही ॲडॉप्टर लावण्याआधी मल्टिमीटरने टोकं तपासायची. दुसरी गोष्ट, हा पुरवठा रेग्युलेटेड, म्हणजे स्थिर व्होल्टचा, नसतो. रात्री लाइन चढली की ९ चे १२-१३ होतात आणि आतल्या ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला जास्तीचं सगळं उष्णतेत घालवावं लागतं. आम्ही त्याची उष्णता शोषणारी धातूची पट्टी सोडवून थर्मल पेस्ट लावली आणि मशीनखाली दोन लाकडी चिपा सरकवल्या. तेवढ्याने काम भागलं.

कॅसेटवरून पूर्ण प्रोग्रॅम चढायला जवळजवळ ५ मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’ आला की दहात नऊ वेळा दोष प्लेअरच्या टेप वाचणाऱ्या हेडच्या कोनाचा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. टेप वाजत ठेवायची, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा आणि आवाज सगळ्यात धारदार येईल तिथे थांबायचं. कान हेच मीटर. प्लेअरचा आवाज पाऊणपट ठेवायचा. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे स्थिर दिसले आणि निळे-पिवळे आले की फाटतात असं झालं, तर सिग्नल पोचतोय पण स्वच्छ नाही, इतकं कळतं. ‘सेव्ह’ झाल्यावर टेप मागे घेऊन ‘व्हेरिफाय’ करायचं, म्हणजे नीट उतरलंय का ते ताडून बघायचं, तेही दोन वेगळ्या कॅसेटवर. कंटाळवाणं काम आहे. पण बॅकअपचं सगळं शिक्षण इथेच झालं.

काही दिवसांनी एका ओळीतली बटणं चालेनाशी होतात. कीबोर्डखालच्या पातळ फिल्मची शेपटी उष्णतेने ठिसूळ होऊन सॉकेटपाशी तडकते. शेपटीत जागा असेल तर तडा गेलेला २-३ मिलिमीटरचा भाग सरळ कापून टाकायचा आणि शेपटी पुन्हा खोचायची. ओढून बसवायला गेलं की दुसरा तडा.

आता कागदाकडे येते, कारण पैसे तिथून सुरू झाले. मार्केट यार्डात हळदीचा लिलाव झाला की अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो: पोती, वजन, दर, मग हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम. पहिला प्रोग्रॅम आम्ही दशांश अपूर्णांकांत लिहिला आणि तो मुनीमजींच्या वहीशी एका पैशाने चुकला. कारण साधं आहे. स्पेक्ट्रमची बेसिक ही प्रोग्रॅमची भाषा अपूर्णांक ५ बाइटच्या द्विमान स्वरूपात ठेवते आणि ०.१ सारखी संख्या त्यात तंतोतंत बसत नाही. तिला शंभराने गुणून ‘इंट’ (अपूर्णांक छाटून पूर्णांक ठेवणारी आज्ञा) लावला की कधीकधी एक पैसा खाली गळतो.

उपाय वहीतच होता. क्विंटलचा रुपयांतला दर म्हणजेच किलोचा पैशांतला दर. म्हणून वजन १०० ग्रॅमच्या एककात पूर्णांक म्हणून घ्यायचं, रुपयांतल्या दराने गुणायचं आणि १० ने भागायचं. ६३.४ किलो, दर १,२७५: ६३४ गुणिले १,२७५ म्हणजे ८,०८,३५०, भागिले १० म्हणजे ८०,८३५ पैसे, ८०८ रुपये ३५ पैसे. शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक कुठेच शिरत नाही.

त्यानंतरही फरक येतो, तो पूर्णांक कुठे करायचा यावरून. प्रत्येक पोत्याला पूर्ण पैशांत आणलं तर पोत्यामागे जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो, ४० पोत्यांत २० पैसे. मुनीमजी एकूण वजनावर एकदाच करतात. कोण बरोबर हा वाद घालू नये. पेढीची रीत असेल ती प्रोग्रॅममध्ये उतरवावी आणि तशी लिहून घ्यावी. निदान १५ दिवस वही आणि मशीन बरोबरीने चालवावं. या १५ दिवसांचे पैसे मागायला आम्ही उशिरा शिकलो.

स्पेक्ट्रमवर एवढंच जमत होतं. सोबत प्रिंटर नसल्यामुळे पट्टी पडद्यावरून हाताने उतरवावी लागे, म्हणून पुढचं मशीन पीसी-एक्सटीच्या धर्तीचं: ६४० के मेमरी, २० एमबी हार्ड डिस्क, ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि नोंदी ठेवायचं डीबेस थ्री प्लस हे सॉफ्टवेअर. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की डेटाची फाइल बहुधा वाचते, इंडेक्सची, म्हणजे नोंदी शोधायच्या सूचीची, फाइल बिघडते. मग नोंद आहे पण शोधल्यावर सापडत नाही, असा चमत्कार दिसतो. नवीन नोंद घालायच्या आधी ‘रीइंडेक्स’ करून सूची नव्याने बनवायची, नाहीतर तोच शेतकरी दोनदा चढतो. पूर्ण डिस्कचा बॅकअप ३६० के च्या फ्लॉपींवर घ्यायचा तर ५५ हून जास्त फ्लॉप्या लागतात. तेव्हा फक्त डेटा, तीन संचांत, आलटून-पालटून. मशीन रिक्षातून न्यायचं असेल तर आधी हार्ड डिस्कचं हेड ‘पार्क’ करायचं, म्हणजे सुरक्षित जागी न्यायचं. त्या काळच्या डिस्कचं हेड वीज बंद झाल्यावर आपोआप बाजूला जात नसे. हळदीची धूळ ड्राइव्हमध्ये बसते ती वेगळीच. ड्राइव्ह पुसून पिवळा झालेला कापूस पाहिला की दुकान कुठल्या गल्लीतलं ते कळतं.

अर्थिंगबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर मशीन बसवायचं नाही. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक, पण चैत्र-वैशाखात भेगाळते आणि अर्थिंगच्या पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं की निम्म्या तक्रारी थांबतात.

मराठी छपाई हा आमच्या धंद्याचा दुसरा पाय. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डाने (मशीनमध्ये बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) डॉसमध्ये मराठी आली. विंडोजवर मग फॉन्टवाली सॉफ्टवेअर आली आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. त्या फॉन्टांत अक्षर साठत नव्हतं, अक्षराचं चित्र साठत होतं. फॉन्ट बदलला की लग्नपत्रिकेचा मजकूर इंग्रजी चिन्हांचा कचरा होतो. अशा जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, आणणं हे आजही आमचं चालू काम आहे.

नुसतं चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही, कारण क्रम वेगळा असतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘स्थिती’मध्ये तिला एकट्या ‘स’वरून नाही, अख्ख्या ‘स्थ’वरून उडी मारायची असते. रफाराचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘आर्थिक’मध्ये दोन्ही एकाच अक्षरावर येतात. आधी वेलांटी अक्षरानंतर न्यायची, मग रफार वेलांटीसकट अक्षर ओलांडून अक्षराच्या आधी. क्रम उलटा केला तर रफार आणि वेलांटी एकमेकांत अडकतात. चाचणीला आम्ही स्थिती, आर्थिक, निर्मिती, कुऱ्हाड एवढे शब्द ठेवलेत. यांतून सुटला तो प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी टिकतो. आडनावं मात्र माणसानेच वाचायची.

कागदपत्रांचं फार नाही. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नये. घरातल्या तिघांचं काम चालतं तेव्हा कुणाचा किती वेळ गेला हे वहीत लिहावं, नाहीतर दुरुस्तीचा दर कायम कमीच लागतो.

राहिला पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. आमचा नियम ४० फुटांचा: इशारा पातळी आली की सीपीयू माळ्यावर, आणि डेटाची एक प्रत विट्याला नातेवाइकांकडे. २००५ आणि २०१९ नंतर दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये एकच चूक जास्त दिसली: ‘सुकलं, आता लावून बघू.’ बोर्ड भिजला असेल तर पहिल्यांदा नाण्यासारखी बॅटरी काढायची. तिच्या ३ व्होल्टवरही ओल्या तांब्याचं गंजणं चालूच राहतं. मग डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवायचा, पाठोपाठ आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पंख्याखाली निदान ३ दिवस. हार्ड डिस्क मात्र वाळवायची नाही. ओली असेल तशी पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे पोचवायची. वाळलेला गाळ प्लॅटरला, म्हणजे आतल्या तबकडीला, चिकटला की तो निघता निघत नाही.