बोंड एकदाचं फुटलं: बुलियन, नेढं आणि काळी पडणारी सुई

भरतकामातलं कपाशीचं पहिलं बोंड झालं! चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीत बुलियनचे (सुईभोवती धाग्याचे वेढे घेऊन त्यांतून सुई ओढून काढायचा टाका) तीन फुगीर वळे, आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. गडद हिरव्या केसमेंटच्या कापडावर पांढरं इतकं उठून दिसतंय की काल दिवसभर येताजाता रिंग उचलून बघत होते. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या चौरंगाचं आसन आहे, त्यामुळे मुदत ठरलेली: नागपंचमीनंतरचा रविवार. मे संपत आलाय, अजून बरीच बोंडं बाकी आहेत, पण आता गाडं हललंय.

घोडं कुठे अडलं होतं ते जुन्या वाचकांना माहीत आहेच. वेढे सुंदर बसायचे. अंगठ्याने दाबून सुई ओढायला गेलं की शेवटचे वेढे नेढ्याशी येऊन घट्ट. मग पिळा, ढकला, पकडीने खेचा. सुई झटक्यात सुटली की वळ्याच्या जागी गुंता, आणि कधी खालचं कापडही चुणलेलं. ‘वेढे सैल ठेव’ हा सल्ला सगळ्यांनी दिला. सैल ठेवले की सुई सुटते हे खरं, पण वळा पोकळ होतो आणि बोटाने दाबला की बसतो. तसलं बोंड वेचायला आपल्याकडे कुणी शेतात जाणार नाही.

उत्तर शेजारच्या आजींनी दिलं. त्या आयुष्यभर गोधड्या शिवत आल्या, बुलियन हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. माझी सुई उजेडात धरून म्हणाल्या, “तुनी सुईनं पोट वाढेल शे ना माय!”

म्हणजे तुझ्या सुईचं पोट वाढलंय. अगदी तेच. क्रूएल, म्हणजे आपली नेहमीची भरतकामाची सुई, तिचं नेढं लांबट असतं, कारण सहापदरी धाग्याचे दोन-तीन पदर एकदम ओवायचे असतात. त्यासाठी नेढ्यापाशी सुई अंगापेक्षा रुंद होते. साध्या टाक्यांना हे सोयीचंच, कारण रुंद नेढं कापडात धाग्यापुरती वाट करून जातं. बुलियनमध्ये मात्र वेढे बसतात बारीक अंगावर आणि निघताना त्यांना त्या फुगवट्यावरून जावं लागतं. शिवाय तिथे धागा दुहेरी झालेला असतो, म्हणजे जाडीत आणखी भर.

म्हणून मिलिनर. काहीजणी तिला स्ट्रॉ सुई म्हणतात, पूर्वी टोप्या करणारे वापरायचे तीच. लांबलचक, नेढं छोटं आणि गोल, अंगाची जाडी टोकापासून नेढ्यापर्यंत जवळपास सारखी. लांबीचा फायदा वेगळाच: वीस वेढे घेतले तरी धरायला जागा उरते.

इथवर पुस्तकी झालं. खरा वैताग पुढे.

जळगावात फुले मार्केटमध्ये मिलिनर मागितली की आधी दुकानदार तोंडाकडे बघतो, मग मोत्यांची सुई काढून देतो. मोत्यांची सुई इतकी बारीक की त्यात तीन पदर जाणार कसे? शेवटी एका ठिकाणी ‘मिलिनर’ छापलेलं मिसळ नंबरांचं पाकीट मिळालं. कंपनीचं नाव घेत नाही. त्यातली ९ नंबरची घेतली, बारीक म्हणजे नाजूक काम होईल म्हणून, तर तीन पदर ओवतानाच जीव गेला आणि वेढे पुन्हा नेढ्याशी अडकले. कारण नीट बघितल्यावर कळतं. सुई कितीही सरळ असली तरी नेढ्याच्या दोन्ही बाजूंनी धागा बाहेर येतो, आणि तीन पदरांचे सहा होतात. सुई बारीक असेल तर तो जोड अंगापेक्षा जाड होतो. म्हणजे पोट सुईला नाही, धाग्याला आलं. ५ नंबर घेतली, तीन पदर घातले, आणि निघाली. दोन पदरांना ८ किंवा ९ ठीक. (नवीन मंडळींसाठी: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. पण बोथट टोकाच्या टॅपेस्ट्री सुईचा २४ आणि क्रूएलचा ७ शेजारी ठेवून हिशेब करू नका, ती मोजपट्टीच वेगळी.)

तरी त्याच पाकिटातली, त्याच नंबरची दुसरी सुई धागा पिंजायची. एक हात लांब धागा, अर्ध्यावर येईपर्यंत त्याला लव सुटलेली. इथे सुवर्णनगरीत राहण्याचा फायदा झाला. ओळखीच्या सराफाकडून हिरे बघायचं भिंग मागून आणलं. नेढ्याच्या आतल्या कडेला धातूचा बारीक कंगोरा राहिलेला दिसला. नेढं ठोकून पाडतात आणि मग आतून गुळगुळीत करतात. स्वस्त सुईत ही दुसरी पायरी घाईत उरकलेली असते. भिंग नसेल तर कापसाचा जरासा पिळा करून नेढ्यातून मागेपुढे ओढा. तंतू अडकून राहिले तर ती सुई पायजम्याच्या नाड्या दुरुस्त करायला ठेवा. आणि नेढ्याची एक बाजू बहुतेक वेळा दुसरीपेक्षा मोकळी असते, त्यामुळे धागा जात नसेल तर थुंकी लावत बसण्याआधी सुई उलटी फिरवून बघा.

आता काळेपणा. पांढऱ्या बोंडावर राखाडी छटा येत होती आणि मी धाग्याच्या लडीला दोष देत होते, तर काळं येत होतं सुईवरून. पारा ४४ वर, हात सतत घामेजलेले. घामाने सुईवरचं निकेल झिजतं, खालचं पोलाद उघडं पडतं, ते गंजतं, आणि बुलियनमध्ये वेढे घासून निघत असल्यामुळे सगळी घाण पांढऱ्या धाग्यावर. खडबडीत झालेली सुई अडकते ती वेगळीच. त्यात आमच्याकडे कूलर दिवसभर, आणि सुयांची गादी नेमकी त्याच्या वाऱ्यात. खान्देशातला उन्हाळा कोरडा असतो म्हणून सुया गंजणार नाहीत असं समजू नका, खोलीतली हवा कूलरने ओली केलेली असते. आता सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात, डबीत, कपाटात.

आजींचा उपाय सुई केसांतून फिरवायचा. घसरते मस्त. पण केसांना तेल असतं आणि ते पांढऱ्या धाग्यावर कसं दिसतं ते तुम्हीच करून बघा; मी गोधडीपुरतं मान्य करते. त्याऐवजी दागिने पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून थोडी एमरी पावडर आणली आणि दुहेरी पॉपलिनची, बारीक टाक्यांची छोटी उशी भरली. एकेरी कापडातून पावडर झिरपते. सुई दोन-चार वेळा खुपसून काढली की लख्ख. रोज मात्र खुपसू नका, एमरी गंजाबरोबर मुलामाही खाते. ज्यांच्या हाताला जास्त घाम येतो त्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया मानवतात असं जाणत्या बायका सांगतात. किंमत बघून मी अजून थांबले आहे. जपानी ट्यूलिपच्या सुया एका मैत्रिणीने वापरायला दिल्या, हिरोशिमाच्या. गुळगुळीतपणात तोड नाही, पण महिन्याच्या किराण्याची आठवण येते. रोजच्या क्रूएलसाठी पोनी मला पुरते, काळी पडली की टाकून द्यायला मन मागेपुढे होत नाही. सुई ही धाग्यासारखीच संपणारी वस्तू आहे, हे माझं मत ऐकून घरात अजून हसतात.

वेढ्यांच्या दिशेबद्दल थोडंसं: धाग्याचा पीळ उलगडेल अशा बाजूने गुंडाळलं तर वळ्यावर पदर सुटे दिसतात. कापडाच्या कडेला दोन्ही बाजूंनी एकेक वळा करून बघा, फरक लगेच दिसतो. रेयॉनच्या चमकदार धाग्याचा पीळ सहसा सुतीच्या उलटा असतो, तिथे हातही उलटा चालवावा लागतो.

मूळ बेत असा होता की चारी कोपऱ्यांत बोंडं आणि मध्ये काठभर नुसती साखळी. पण ८ नंबरची मिलिनर हातात होती म्हणून सहज काही फ्रेंच नॉट मारले, आणि गाठी इतक्या गोल, एकसारख्या आल्या की आता दोन कोपऱ्यांत ज्वारीची कणसं येणार. दोन पदरांचे दाणे, काही पिवळसर पांढरे, काही फिके तपकिरी. हे लिहितानाच सुचतंय की दोन पदर एकाच रंगाचे न घेता एकेक रंगाचा एकेक घेतला तर दाणा आपोआप ठिपकेदार दिसेल. आज रात्री करून बघते.

काठाच्या साखळीला दुसऱ्या रंगाचा पीळ द्यायचाय, म्हणजे तिच्या टाक्यांखालून दुसरा धागा ओवत न्यायचाय, त्यासाठी २४ ची बोथट टॅपेस्ट्री काढून ठेवली आहे. टोकदार सुईने खालची साखळी हमखास फाटते. टॅपेस्ट्री नसेल तर क्रूएल उलटी धरून नेढ्याच्या बाजूने ओवा, तेवढंच काम होतं.

मिलिनर ३ नंबर मात्र अजून कुठे मिळालेली नाही. पुढच्या बोंडांना चार पदर घ्यायचे मनात आहे आणि ५ मध्ये ते कोंबले तर पुन्हा तेच रडगाणं. धुळ्याला किंवा नाशिकला सुटी सुई देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा, मिसळ पाकीट नको.