छांगआनची चाकोरी आणि चांदीचा घोडा

चीनमधल्या शिआनची तटबंदी पाहून आधी हरखले, मग थोडी हिरमुसले. तट मिंग काळातला, चौदाव्या शतकातला. मी आले होते त्याच्याही सहाशे वर्षं मागच्या कायय्वान काळासाठी. इ.स. ७१३ ते ७४१, तांग सम्राट श्वानझोंगच्या राजवटीची भरभराटीची वर्षं. तेव्हा हे शहर छांगआन होतं आणि आजच्या तटाबाहेर दूरवर पसरलेलं होतं.

त्या शहराचं जमिनीवर फार थोडं उरलंय. पण पश्चिम बाजाराच्या जागेवर आता संग्रहालय आहे आणि तिथे काचेखाली जुना रस्ता जपलाय. त्यावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. ‘चाकोरी’ हा शब्द मी जन्मभर वापरला, खरी चाकोरी पाहिली ती इथे.

या गाड्यांत काय असेल? माझ्या मनात पहिलं आलं रेशीम. पण छांगआनला खरी चिंता असायची धान्याची. भोवतालच्या खोऱ्यातलं पीक एवढ्या मोठ्या राजधानीला पुरत नसे. साल वाईट गेलं की सम्राट अख्खा दरबार घेऊन पूर्वेला लुओयांगला मुक्काम हलवायचा, कारण दक्षिणेचं धान्य कालव्यातून तिथवर सहज पोचायचं. त्यापुढे पीत नदीतल्या सानमेनच्या खडकांवर नावा फुटायच्या. ७३४ च्या सुमारास पेइ याओछिंग या मंत्र्याने वाटेत कोठारं बांधली, टप्प्याटप्प्याने नावा बदलल्या आणि खडकांचा भाग गाड्यांनी ओलांडला. तीन वर्षांत सत्तर लाख शी (तिथलं जुनं धान्याचं माप) धान्य पोचलं. ७३६ साली राजधानीत परतलेला श्वानझोंग पुन्हा लुओयांगला गेलाच नाही. माझ्या लेखी त्या काळाचं सर्वांत मोठं वैभव हेच.

दुसऱ्या दिवशी शान्शी इतिहास संग्रहालय. १९७० साली शहराच्या दक्षिण भागात, हेजिया गावात जमिनीखाली हजाराहून अधिक मौल्यवान वस्तू सापडल्या. त्यांत इराणच्या सासानी राजघराण्याचं नाणं आहे, जपानची नाणीही आहेत. मी मात्र एका चांदीच्या बुधल्यापाशी अडकले. भटक्या टोळ्यांच्या कातडी पिशवीसारखा त्याचा घाट. अंगावर सोन्याचा मुलामा दिलेला घोडा, मागच्या पायांवर बसलेला, गळ्यात फीत, तोंडात पेला. श्वानझोंगच्या वाढदिवशी असे शिकवलेले घोडे संगीतावर नाचत आणि शेवटी तोंडात पेला धरून त्याला मानवंदना देत.

७५५ साली श्वानझोंगच्याच एका सरदाराचं, आन लुशानचं बंड झालं आणि सगळं उधळलं. त्या घोड्यांची एक गोष्ट सांगतात. त्यांतले काही पुढे एका सेनापतीच्या तबेल्यात लढाऊ घोड्यांबरोबर बांधले गेले. एकदा मेजवानीत वाद्यं वाजली आणि ते नाचायला लागले. मोतद्दारांना वाटलं भूतबाधा झाली, त्यांनी झाडूने मारलं. घोड्यांना वाटलं आपला ताल चुकतोय, म्हणून ते आणखी जीव ओतून नाचले. मग चाबूक आले, घोडे मरेपर्यंत. हे नाचाचे घोडे आहेत हे तिथल्या काहींना ठाऊक होतं. सेनापतीच्या धाकाने कुणी बोललं नाही.