इस्तंबूलमधला पहिला दिवस आणि बाबांचं पाणी

विमान पहाटे उतरलं, हॉटेलवर पोचेपर्यंत साडेआठ वाजले आणि रूम दुपारी दोनशिवाय मिळणार नव्हती, मग बॅगा काउंटरमागे ठेवल्या, तोंडावर पाणी मारलं आणि निघालो. ऑक्टोबर २०२४. आम्ही पाच जण, मी, नवरा, नऊ वर्षांची मनू आणि माझे आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांची अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, हे आधीच सांगून ठेवते कारण त्या दिवसाचं सगळं या दोन गोष्टींवरच ठरलं.

हॉटेल मुद्दाम सुलतानअहमेत भागात घेतलं होतं. जरा महाग पडलं, पण वयस्कर माणसं सोबत असतील तर मी कुणालाही हेच सांगेन, अया सोफिया, ब्लू मॉस्क, जुनं रथांच्या शर्यतींचं मैदान आणि जमिनीखालचं टाकं सगळं रमतगमत चालण्याच्या अंतरावर आहे आणि कुणी दमलंच तर परत जाऊन पडता येतं.

कोपऱ्यावरच्या लाल गाडीवरून सिमित घेतले, म्हणजे भरपूर तीळ लावलेला कडेवजा गोल पाव, बाहेरून कडक आणि आतून मऊ, आणि बाजूच्या टपरीवर त्या कमरेत बारीक काचेच्या ग्लासातला कोरा चहा. आईने दुधाची वाट बघितली, मग दोन साखरेचे खडे टाकून प्यायली आणि म्हणाली अजून एक सांग. साखरेला तिथे शेकेर म्हणतात. दुकानाला दुक्कान, साबणाला साबुन, हवेला हवाच. फारसी-अरबीतून हे शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले, आई दिवसभर पाट्यांवर असे शब्द शोधत होती आणि एखादा सापडला की मला हाताला धरून थांबवायची. मनूने दोन शब्द पाठ केले, गिरिश म्हणजे आत जायचा रस्ता आणि चिकिश म्हणजे बाहेर पडायचा. ते मात्र खरंच उपयोगी पडले.

शर्यतींच्या मैदानाला तुर्कीत आत मेयदानी म्हणतात, आत म्हणजे घोडा आणि मेयदान म्हणजे मैदान. आता तिथे बसायचे बाक, झाडं आणि मांजरी आहेत, पण मधोमध जे उभं आहे ते बघून मी गप्पच झाले. इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला तिसऱ्या थुतमोसचा दगडी स्तंभ, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, जो रोमन सम्राट थिओडोसियसने इ.स. ३९० मध्ये इथे उभा केला, आणि त्यावरची चित्रलिपी इतकी स्वच्छ की मनू बोटाने हवेत पक्षी आणि डोळे काढत होती. पलीकडे ब्राँझच्या सापांचा पिळलेला खांब आहे, तो ग्रीसमधल्या डेल्फीहून आणलेला, इ.स.पू. ४७९ मध्ये इराण्यांना हरवल्यावर ग्रीक शहरांनी मिळून उभारला होता. सापांची डोकी आता नाहीत. आणि तो खांब एका खड्ड्यात उभा आहे, म्हणजे जुनी जमीन तितकी खाली होती आणि शहर वर वर चढत गेलं. बाबा कठड्यावरून वाकून बराच वेळ तो खड्डा बघत होते.

याच मैदानात ५३२ मध्ये रथशर्यतींच्या दोन टोळ्या, निळे आणि हिरवे, सम्राट जस्टिनियनच्या विरोधात एक झाल्या, अर्धं शहर जळलं आणि शेवटी सैन्याने इथेच सुमारे तीस हजार माणसं मारली असं त्या काळच्या इतिहासात लिहून ठेवलंय. त्या आगीत जुनं चर्च जळालं आणि त्याच जागी काही आठवड्यांतच जे नवीन बांधायला घेतलं ते अया सोफिया. हे मला माहीत होतं, पण आधी मैदानावर उभं राहून मग तिकडे चालत गेलं की ते वेगळंच लागतं, म्हणून आधी मैदान बघा, मग अया सोफिया.

अया सोफिया ५३७ मध्ये पूर्ण झालं, सहा वर्षांच्या आत. १४५३ पर्यंत चर्च, मग मशीद, १९३४ मध्ये म्युझियम करायचं ठरलं आणि २०२० पासून पुन्हा मशीद. जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना वरच्या गॅलरीतूनच बघायला मिळतं आणि तिकीट माणशी २५ युरो, त्यामुळे ते लिरामध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, धरू नका. वर जायला दगडी चढ आहे, वळणावळणाचा आणि अंधारा, आईसाठी तो कठीण गेला, आम्ही प्रत्येक वळणावर थांबलो आणि मागच्यांना पुढे जाऊ दिलं. पण पायऱ्यांपेक्षा चढ बरा असं ती स्वतःच म्हणाली. डोक्यावर पदर घेऊन ती वर पोचली, कठड्याला धरून तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ खाली केलीच नाही.

तो घुमट जमिनीपासून साधारण ५५ मीटरवर आहे आणि त्याच्या बुडाशी ४० खिडक्या आहेत, त्यातून उजेड येतो त्यामुळे एवढं वजन कशावर टेकलंय तेच कळत नाही. पहिला घुमट भूकंपांनी खिळखिळा होऊन ५५८ मध्ये पडला, मग जास्त उंच आकाराचा बांधून ५६२ पर्यंत पुन्हा उभा केला. मनूला मात्र सगळ्यात आवडलं ते कठड्यावरचं कोरलेलं नाव, सम्राटाच्या पदरी असलेल्या उत्तरेकडच्या कुणा वायकिंग सैनिकाने आपल्या लिपीत कोरलेलं, हाफदान एवढंच आता वाचता येतं. तिने विचारलं त्याला कंटाळा आला असेल का गं उभं राहून. मला वाटतं आला असेल.

बाहेर पडल्यावर एक प्रसंग झाला. एक बूट पॉलिशवाला आमच्या पुढून चालताना त्याचा ब्रश पडला, नवऱ्याने उचलून धावत जाऊन दिला, तो खूप आभार मानत खाली बसला आणि नको नको म्हणताना पॉलिश करून टाकलं, मग भरमसाट पैसे मागायला लागला, आवाज चढवला, आई घाबरली. थोडे पैसे देऊन सुटलो. मला वाईट वाटलं कारण मदत करणाऱ्याच माणसाला पकडायची ही युक्ती आहे. ब्रश पडला तर हाक मारून सांगा आणि पुढे चला.

जेवणात आईसाठी मसुराच्या डाळीचं सूप मिळालं, मेर्जिमेक चोर्बासी म्हणतात, वर लिंबू पिळायचं. कधीकधी त्यात मटणाचं पाणी असतं म्हणून आधी विचारायचं, एत्सिझ म्हणजे बिनमांसाचं. आणि आयरान म्हणजे खारं ताक.

मग टाकं. येरेबातान, म्हणजे जमिनीत बुडालेलं. ५२ पायऱ्या उतरून जायच्या आणि आईने सांगितलं मी वर बाकावर बसते, नवरा तिच्याजवळ थांबला, आम्ही तिघं खाली गेलो. गार हवा, अंधार, टपटप आवाज आणि दिव्यांत खांबांच्या रांगाच रांगा, २८ खांबांच्या १२ रांगा, एकूण ३३६, प्रत्येक नऊ मीटर उंच. लांबी १३८ मीटर आणि रुंदी ६५. बाबांनी तोंडी हिशोब केला आणि म्हणाले आठ कोटी लिटर तरी मावत असेल. बाहेर आल्यावर बघितलं तर बरोबर, ८० हजार घनमीटर.

मी इतकी वर्षं बाबांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. ते मनूला समजावत होते की या शहराला तीन बाजूंनी समुद्र, म्हणजे खारं पाणी, आत मोठी नदी नाही आणि शत्रूने वेढा घातला की आधी पाणीच तोडणार, म्हणून बाहेरच्या टेकड्यांतून नुसत्या उताराने पाणी आणायचं आणि पायाखाली साठवून ठेवायचं. भिंत चार मीटर जाड, आणि गिलाव्यात चुना आणि विटांची भुकटी. "अगं ही सुरखी," बाबा म्हणाले, "आपल्याकडेही हौदाला हेच लावायचे, पाणी मुरत नाही." हे टाकं बांधून चौदाशे वर्षांवर झाली. मग त्यांनी विचारलं गाळ कसा काढत असतील, आणि ते कुणालाच सांगता आलं नाही.

खांब इकडच्या तिकडच्या जुन्या इमारतींतून आणलेले, म्हणून एकसारखे नाहीत. टोकाला दोन खांबांच्या खाली मेदुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांऐवजी साप असलेल्या बाईची, डोकी आहेत, एक आडवं आणि एक चक्क उलटं. त्यावर गाइड लोक बरंच काही सांगत होते, बाबांचं मत एकच, उंची जुळवायला दगड जसा बसला तसा बसवला. मला हेच पटतं. आणि पुढे लोक या टाक्याला विसरूनच गेले, वरच्या घरांत तळघराच्या भोकातून बादली सोडून पाणी काढायचे, कधी मासेही मिळायचे, ते बघूनच सोळाव्या शतकात एका फ्रेंच अभ्यासकाला खाली काय आहे ते कळलं. मनूने त्यानंतर प्रत्येक दुकानाच्या फरशीकडे संशयाने बघितलं.

आम्ही दीड तास खाली होतो. वर आलो तर आईने शेजारच्या तुर्की आजींशी गट्टी केली होती, भाषा एकही नाही, दोघी गुडघे दाखवत होत्या आणि हातात भाजलेली चेस्टनट्स.

ब्लू मॉस्कला नमाजची वेळ झाली होती म्हणून बाहेर बसलो. आधी एका बाजूने अजान आली, ती थांबली की समोरून दुसरी, एकमेकांना उत्तर दिल्यासारखी. आत जायला तिकीट नाही, चपला काढून पिशवीत घ्यायच्या, आणि भिंतींवर इझनिक गावच्या वीस हजारांहून जास्त टाइल्स. पण खरं सांगते, तोवर बघून बघून आमचे डोळे दमले होते. मनू गालिच्यावर बसल्या बसल्या झोपली.

रात्री रूमवर बाबा नवऱ्याच्या फोनवर नकाशा मोठा करून बघत होते. चौथ्या शतकातला सम्राट व्हॅलेन्सचा जलसेतू, म्हणजे शहरात पाणी आणणारा कमानींचा पूल, ज्याच्या कमानींखालून आजही गाड्या जातात, तो ट्रामने किती लांब पडतो हे त्यांना हवं होतं. उद्या तोपकापी राजवाडा ठरला होता, मी तसं म्हटलं. "राजवाडा दुपारी बघू," बाबा म्हणाले, "सकाळी आधी हे."